हेग, जिल्हा न्यायालय आणि पस्तीस लाखांचं कर्ज

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या, पंचविशीतल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पुण्यातून पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण करून त्यांना सनद मिळाली, त्याला सव्वा वर्ष झालं. एका सिनियरकडे त्या फौजदारी काम बघतात. कॉलेजात असताना रवांडाच्या वंशसंहारावरचे निकाल वाचले आणि तेव्हापासून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात काम करायचं त्यांच्या मनात आहे. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात एलएलएमला, म्हणजे कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळाला आहे, पण शिष्यवृत्ती नाही. घर तारण ठेवून ३५ लाखांचं कर्ज काढायला वडील तयार आहेत. आईवडिलांच्या मनात मात्र मुलीनं परीक्षा देऊन जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, व्हावं असं आहे. त्या लिहितात, ‘इथे रिमांड, जामीन आणि तारखा यांत वर्षं वाया चालली आहेत. आत्ता गेले नाही तर वय निघून जाईल. कर्ज काढून यंदाच जाऊ, की स्वप्न सोडून परीक्षेला बसू?’

नमस्कार.

माझं मत आधीच सांगते. यंदा घर तारण ठेवून जाऊ नका. पण हे क्षेत्र सोडूही नका. पत्रात तुम्ही दोनच वाटा मांडल्या आहेत. तिसरी वाट तुमच्या रोजच्या कामातूनच जाते आणि ती तुम्हाला दिसत नाही, याचं वाईट वाटलं. तिथे पोचण्याआधी काही गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात, कारण तुमच्या प्रश्नात तीन-चार गृहीतकं आहेत आणि तुमच्यासारख्या बऱ्याच तरुण वकिलांच्या मनात तीच असतात.

पहिलं गृहीतक म्हणजे हेगमधून एलएलएम केलं की हेगच्या न्यायालयाचं दार उघडतं. हे न्यायालय ज्या आंतरराष्ट्रीय करारानं, म्हणजे रोम संविधीनं, स्थापन झालं ती १७ जुलै १९९८ रोजी संमत झाली आणि १ जुलै २००२ पासून लागू आहे. भारतानं ती स्वीकारलेली नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ अगदी थेट आहे. न्यायालयाच्या कायम पदांवरच्या भरतीत सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळतं आणि बाहेरच्या देशांतल्या उमेदवारांचा विचार अपवाद म्हणून होतो. इंटर्नशिपमध्येही बाहेरच्यांसाठी जागा मर्यादितच असतात. न्यायाधीश होण्यासाठी तर सदस्य देशाचं नागरिकत्व ही अटच आहे. पदवी कुठलीही घ्या, पासपोर्ट बदलत नाही. प्रवेशाच्या माहितीपत्रकात ही गोष्ट कुणी ठळक अक्षरांत छापत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

एक दार मात्र नागरिकत्व विचारत नाही, ते म्हणजे तिथल्या वकिलांची यादी. आरोपीतर्फे किंवा पीडितांतर्फे उभं राहायचं तर या यादीत नाव लागतं. त्यासाठी फौजदारी किंवा आंतरराष्ट्रीय कायद्यातलं प्रावीण्य, फौजदारी खटल्यांचा किमान १० वर्षांचा अनुभव आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर उत्तम पकड या अटी आहेत. यातली दहा वर्षांची अट कुठल्याही विद्यापीठात पूर्ण होत नाही, ती कोर्टातच पूर्ण होते. ज्या सव्वा वर्षाला तुम्ही वाया गेलेलं म्हणता, ते त्या दहांतलं पहिलं आहे.

दुसरा मुद्दा नेमकेपणाचा. हेगमध्ये दोन मोठी न्यायालयं आहेत आणि आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण चाललं ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तिथे देशाविरुद्ध देश उभा राहतो. १७ जुलै २०१९चा तो निकाल वकिलातीशी संपर्काच्या हक्काबद्दल, म्हणजे व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ बद्दल होता. तुम्ही म्हणता ते फौजदारी न्यायालय व्यक्तीवर खटला चालवतं. मानवी हक्कांचा कायदा आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा यांतला फरकही साधारण असाच आहे. पहिल्यात राज्यसंस्थेनं काय करायला हवं होतं ते विचारलं जातं, दुसऱ्यात या माणसानं हा गुन्हा केला हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. एकात अहवाल, शिफारशी, पाठपुरावा असतो. दुसऱ्यात पुरावा आणि उलटतपासणी. दोन्हीकडच्या कामाचा दिवस अगदी वेगळा असतो. तुमच्या पत्रावरून तुमचा ओढा दुसऱ्याकडे आहे असं मला वाटतं, पण ते तुम्ही स्वतः तपासून पाहा. त्यासाठी एक सोपा उपाय आहे. त्या न्यायालयाची सुनावणी संकेतस्थळावर अर्ध्या तासाच्या अंतरानं दाखवली जाते. सलग चार-पाच दिवस एकाच साक्षीदाराची साक्ष बघा. संथ चालते, दुभाष्यांमुळे आणखी संथ. ती बघताना तुम्ही कंटाळलात की वही घेऊन प्रश्न टिपायला लागलात, यावरून बरंच कळेल. आणि आरोपीच्या बाजूनं उभं राहणं तुम्हाला मान्य आहे का, हेही स्वतःला विचारा. या क्षेत्रातल्या कामाचा मोठा हिस्सा बचावाचा असतो.

‘हेग’ हा एकच पत्ता धरून बसू नका. रवांडाचं न्यायाधिकरण टांझानियात अरुशाला होतं. २ सप्टेंबर १९९८चा अकायेसू निकाल, ज्यात बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असं पहिल्यांदा ठरलं, तो तिथला. ते न्यायाधिकरण २०१५ अखेर बंद झालं, युगोस्लाव्हियाचं २०१७ अखेर. तिथे उमेदीची वर्षं घालवलेल्या लोकांना पुढची नेमणूक शोधावी लागली. या क्षेत्रात मुदतीचे करार असतात, पेन्शनची नोकरी नसते. अलीकडे संयुक्त राष्ट्रांकडे पैशांची चणचण आहे, त्यामुळे भरतीही आखडली आहे. सध्या काम आहे ते पुरावा गोळा करून जपणाऱ्या यंत्रणांकडे. सीरियासाठी २०१६ मध्ये आणि म्यानमारसाठी २०१८ मध्ये स्थापन झालेल्या अशा दोन यंत्रणा जिनिव्हात आहेत. त्या स्वतः खटले चालवत नाहीत, फायली तयार करतात आणि न्यायालयांना देतात. शिवाय बरेच खटले आता देशोदेशीच्या नेहमीच्या कोर्टांत चालतात. सीरियातल्या गुप्तचर अधिकाऱ्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप झाली ती जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयात, १३ जानेवारी २०२२ रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या पदांचं गणितही माहीत असू द्या. अधिकारी पदांच्या चढत्या श्रेणीत पी-२ पदाला साधारण २ वर्षांचा अनुभव लागतो, पी-३ला ५, पी-४ला ७ आणि बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी. म्हणजे एलएलएम लागतंच, पण नुसतं एलएलएम घेतलेला उमेदवार पी-२च्या चाळणीतूनही खाली पडतो.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येते. तिथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

लुबांगा खटला काढून बघा. हेगच्या या न्यायालयाचा पहिला निकाल, १४ मार्च २०१२. काँगोमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवल्याचा आरोप होता. जून २००८ मध्ये हा खटला सुरू होण्याआधीच थांबवावा लागला, कारण सरकार पक्षानं गोपनीयतेच्या अटीवर मिळवलेली कागदपत्रं बचाव पक्षाला दाखवता येत नव्हती. पुढे निकालात न्यायाधीशांनी आणखी एक गंभीर दोष दाखवला. साक्षीदार शोधायचं काम स्थानिक मध्यस्थांवर सोपवलं होतं आणि त्यांच्यावर पुरेशी देखरेख नव्हती. माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या मुलांच्या साक्षी शेवटी बाजूला ठेवाव्या लागल्या. शिक्षा झाली ती व्हिडिओ चित्रण आणि इतर पुराव्यावर. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या वकिलांच्या फौजेला अडवलं ते जबाब आणि कागद दाखवण्याच्या नियमांनी. पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतले ओमिशन (आधी न सांगितलेल्या गोष्टी) काढणं, आरोपपत्रासोबत न दिलेला कागद मागणं, फितूर साक्षीदाराची उलटतपासणी घेणं, ही कामं तुमचे सिनियर आठवड्यातून किती वेळा करतात ते मोजा.

यातून एक सवय आजच लावून घ्या. एखाद्या अत्याचाराच्या घटनेनंतर कार्यकर्ते, पत्रकार, सत्यशोधन समित्या, सगळेच पीडितेला तेच प्रश्न विचारतात. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोण कुठे उभं होतं यांत थोडा फरक पडतो. तसा तो पडणारच. दोन वर्षांनी बचावाचे वकील हे सगळे कागद एकापुढे एक ठेवतात आणि खरं बोलणारी बाई खोटी ठरते. हेगच्या सरकारी वकील कार्यालयानं युरोजस्ट या युरोपीय संघाच्या न्यायिक सहकार्य संस्थेसोबत २०२२ मध्ये सामाजिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा रोखही असाच आहे: सविस्तर जबाब तपास यंत्रणेसाठी ठेवा, आपण फक्त साक्षीदार कोण, कुठे असतो, संपर्क कसा, त्याला काय माहीत असू शकतं एवढंच नोंदवा, संमती नीट घ्या. तुमच्या जिल्ह्यात अशी घटना घडली आणि संस्थांनी तुम्हाला बोलावलं, तर हा शहाणपणा सांगणारी तिथे बहुधा तुम्ही एकट्याच असाल.

दुसरी गोष्ट मोबाईलवरच्या व्हिडिओची. ऑगस्ट २०१७ मध्ये हेगच्या न्यायालयानं लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध वॉरंट काढलं, ते मुख्यतः समाजमाध्यमांवर फिरलेल्या हत्यांच्या व्हिडिओंवरून. आपल्या कोर्टात मारहाणीचा व्हिडिओ येतो तो कसा? व्हॉट्सॲपवरून चार जणांकडून पुढे आलेला. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, मूळ तारीख-वेळेची माहिती गळून पडते आणि हॅश, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा अंकी ठसा, बदलतो. ज्याच्या फोनवर चित्रण झालं त्यानं तोवर फोन विकलेला किंवा रीसेट केलेला असतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालच्या प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत, भाग अ पुरावा देणाऱ्यानं भरायचा आणि भाग ब तज्ज्ञानं. दोन्हीत हॅश लिहायचा असतो. बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्राची आठवण साक्षीच्या आदल्या दिवशी होते. तुम्ही हे उलट करा. अशील पहिल्यांदा ऑफिसात आलं की विचारा, चित्रण कुणी केलं, तो फोन कुठे आहे. फोन तसाच ठेवायला सांगा, फाइल केबलनं कॉपी करा, त्याच वेळी एसएचए-२५६ हॅश काढून तारीख-वेळेसह नोंद करा आणि ती प्रत पुन्हा उघडून संपादित करू नका. समाजमाध्यमावरची पोस्ट असेल तर पूर्ण दुवा, खात्याचं नाव, पाहिल्याची वेळ आणि संपूर्ण पानाचं चित्र ठेवा. यासाठीची जागतिक पद्धत २०२०च्या बर्कली प्रोटोकॉलमध्ये दिली आहे आणि तो फुकट मिळतो. पोलीस कोठडीतल्या मृत्यूसाठी मिनेसोटा प्रोटोकॉल, छळाच्या वैद्यकीय नोंदीसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल. हे तिन्ही वाचून एखाद्या शवविच्छेदनाच्या (पीएम) रिपोर्टशी ताडून पाहा. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार व्हायला हवी, ती झाली का, कधी झाली, अहवालाची नक्कल मिळाली का, एवढे तीन प्रश्न सातत्यानं विचारणाऱ्या वकिलाकडे दोन वर्षांत जो अनुभव साठतो, तो जिनिव्हात किंवा हेगमध्ये मुलाखत घेणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

कायद्याच्या बाजूनंही इथे करण्यासारखं बरंच आहे. वंशसंहाराविरुद्धचा करार भारतानं १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी देशात वेगळा कायदा केला नाही. १९८४च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०१८च्या निकालात हीच उणीव नोंदवली: मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत. छळाविरुद्धच्या करारावर १९९७ मध्ये सही झाली, अनुसमर्थन अजून नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचा भारत १९७९ पासून सदस्य आहे, पण वैयक्तिक तक्रारीचा प्रोटोकॉल स्वीकारलेला नसल्यानं त्या कराराखालच्या मानवी हक्क समितीकडे आपल्या अशिलाला जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेवरच्या कार्यगटाकडे मात्र जाता येतं, त्याला कराराची गरज नाही. ठरलेली प्रश्नावली भरून द्यायची, सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात, मत बंधनकारक नसतं. मानवी हक्क परिषदेच्या सार्वत्रिक आढाव्यात स्वयंसेवी संस्थांना निवेदन देता येतं. एका संस्थेला २,८१५ शब्द, संयुक्त असेल तर ५,६३०. एखाद्या संस्थेसाठी असं एक निवेदन नीट, तळटीपांसह लिहा. अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, तेव्हा ते कॉलेजच्या निबंधापेक्षा वजनदार ठरेल. फक्त अशिलाची ओळख पटेल असा मजकूर लेखी संमतीशिवाय कुठेही जाऊ देऊ नका.

सिनियरकडे हातात पैसे फारसे येत नसतील, आणि बहुधा येत नसतीलच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयातली सहायक पदाची जाहिरात पाहत राहा. नव्या वकिलांसाठीच ते पद आहे. खासगी केसेस घेता येत नाहीत, मानधन ठरलेलं असतं आणि गरीब आरोपींचे खटले स्वतः चालवायला मिळतात. दुसरा पर्याय ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत फिर्यादीतर्फे उभं राहण्याचा. त्या कायद्याच्या कलम १५अ नं पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि हेगमध्ये रोम संविधीच्या कलम ६८(३) नुसार पीडितांचे वकील जे करतात त्याच्याशी हे काम खूप जवळचं आहे. अर्जात ही दोन कलमं शेजारी ठेवून आपला अनुभव लिहा.

कर्जाबद्दल. ३५ लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं मुदत धरली तर हप्ता महिन्याला ४८ हजारांच्या वर जातो. शिक्षण आणि त्यानंतरची हप्ते न भरण्याची सवलत धरून दोन वर्षांचं व्याज मुद्दलात चढलं तर तोच ५८ हजारांच्या पुढे. संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या इंटर्नशिप बिनपगारी आहेत. नेदरलँड्समध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो, पण त्या वर्षात खोलीचं भाडं आणि इकडचा हप्ता दोन्ही चालू राहतं. अशा वेळी माणूस मिळेल ती कंपनीच्या करारांची नोकरी धरतो आणि ज्यासाठी गेलो ते बाजूला राहतं. घर तारण असेल तर ती सक्ती दुप्पट होते. वडिलांची तयारी हे त्यांचं प्रेम आहे, पण हे आकडे त्यांच्यासमोर मांडूनच निर्णय घ्या.

शिष्यवृत्तीसाठी तुमचा अर्ज दोन वर्षांनी आजच्यापेक्षा कितीतरी मजबूत असेल. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते. कॉमनवेल्थ, इनलॅक्स या शिष्यवृत्त्याही आहेत. राज्य शासनाच्या योजना प्रवर्गानुसार वेगवेगळ्या विभागांकडे आहेत: अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी या संस्थेची, इतरांसाठी त्या त्या विभागाची. यात एक खोच आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या आत हवं अशी अट असते, आणि मानवी हक्कांसाठी नावाजलेली एसेक्स किंवा गॉलवेसारखी विद्यापीठं एकूण क्रमवारीत बरीच खाली असतात. त्यामुळे आधी योजनेची जाहिरात वाचा, मग विद्यापीठ निवडा. परदेशी शिष्यवृत्त्यांचे अर्ज साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे जायच्या वर्षभर आधी भरावे लागतात. शिफारसपत्र देताना सिनियरांना ‘मेहनती व होतकरू’ लिहू देऊ नका. कोणत्या प्रकारच्या किती खटल्यांत तुम्ही सरतपासणी, उलटतपासणी, युक्तिवाद केला ते लिहायला सांगा, आणि त्यासाठी आजपासून डायरी ठेवा.

फ्रेंच आजच सुरू करा. न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत. शून्यापासून बी-२ या चांगलं बोलता-लिहिता येण्याच्या पातळीपर्यंत साधारण ५०० ते ६५० तास लागतात. रोज एक तास दिला तर दोन वर्षांत जमतं. आलियाँस फ्राँसेजचे ऑनलाइन वर्ग आहेत, मराठवाड्यात राहून होऊ शकतं. प्रमाणपत्रांच्या दुकानांपासून मात्र दूर राहा. संयुक्त राष्ट्र भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाहीत, तेव्हा ‘यूएन इंटर्नशिप’ म्हणून फी मागणारा माणूस फसवतोच आहे. संयुक्त राष्ट्रांची दृक्श्राव्य कायदा ग्रंथशाळा आणि हेगच्या न्यायालयाचा लीगल टूल्स डेटाबेस दोन्ही मोफत आहेत.

आता आईवडिलांच्या म्हणण्याबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ रोजी कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. म्हणजे यंदा त्या परीक्षेला बसण्याचा प्रश्न तुमच्यापुढे येतच नाही. जेएमएफसी असो वा हेग, पुढचं पावणेदोन वर्ष दोन्हीकडे एकच मागणी आहे: कोर्टात उभं राहा. दहा वर्षं झालेल्या वकिलाचं, न्यायिक अधिकाऱ्यानं साक्षांकित केलेलं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा वकिली कागदावरची नको. घरी हे सांगाल तेव्हा आजचा वाद बराचसा निवळेल. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर, दोन वेळा अर्ज करूनही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर न्यायाधीशपदाचा मनापासून विचार करा. कोठडीत मारहाण झाल्याचं रिमांडच्या वेळी विचारून नोंदवणारा न्यायदंडाधिकारी मानवी हक्कांसाठी जे करू शकतो, ते जिनिव्हातल्या अधिकाऱ्याला करता येत नाही.

आणखी एक. अशी प्रकरणं सतत वाचण्या-ऐकण्यानं झोप जाते, चिडचिड वाढते, घरच्यांपासून माणूस तुटतो. हे दुबळेपणाचं लक्षण नाही. त्रास पंधरा-वीस दिवसांच्या वर टिकला तर समुपदेशकाकडे जा, आणि मारहाणीचे व्हिडिओ पाहायचे असतील तर दिवसा, आवाज बंद करून, सलग न बघता पाहा.

या आठवड्यात करायचं काम एकच. विद्यापीठाला ईमेल लिहून प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येईल का विचारा. कारण लिहा: फौजदारी वकिलीचा अनुभव पूर्ण करायचा आहे आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा आहे. स्वीकृतीची मुदत आणि आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट प्रवेशपत्रात पाहा, ती तारीख उलटण्याआधी लिहा. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी पुन्हा अर्ज करताना आजचा प्रवेश तुमच्या विरोधात जात नाही. शिक्षण कर्जाच्या कागदांवर तोवर वडिलांची सही होऊ देऊ नका.